अंधाराचं वजन करणारा माणूस

डार्क मॅटर हा शब्द तुमच्या कानावरून गेलेला असणारच. एखाद्या रीलमध्ये, एखाद्या सिरीजमध्ये, नाहीतर बीएस्सीच्या लेक्चरला मागच्या बाकावर पेंगत असताना. विश्वातल्या एकूण पदार्थापैकी साधारण ८५ टक्के पदार्थ आपल्याला दिसतच नाही, हे आता शाळेतली पोरंही सांगतात. पण हा न दिसणारा पदार्थ दीर्घिकांच्या गर्दीत शोधून पहिल्यांदा काट्यावर कुणी चढवला, असं विचारलं की वर्गात शांतता पसरते. त्याचं नाव फ्रिट्झ झ्विकी. साल होतं १९३३. लोकांनी त्याचं म्हणणं मनावर घ्यायला पुढची जवळपास चाळीस वर्षं गेली. तोवर तो म्हातारा झाला होता आणि बऱ्याच जणांशी भांडून बसला होता.

ही गोष्ट वाचताना दोन प्रश्न डोक्यात असू द्या. बरोबर असणं पुरेसं असतं का? आणि आपलं कुणी ऐकत नसेल, तर त्यात आपला स्वतःचा वाटा किती?

कॉमर्सला पाठवलेलं पोरगं

फ्रिट्झचा जन्म १४ फेब्रुवारी १८९८ चा, बल्गेरियातल्या वार्ना या काळ्या समुद्राकाठच्या बंदरातला. वडील स्विस, धंद्याने व्यापारी, वर नॉर्वेचे तिथले वाणिज्य दूत. आई चेक. तीन भावंडांत हा थोरला. थोरल्या मुलाने पुढे काय करायचं ते घरच्यांनी आधीच ठरवलेलं असतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. फ्रिट्झ सहा वर्षांचा झाला आणि १९०४ मध्ये त्याची रवानगी आजी-आजोबांकडे झाली, स्वित्झर्लंडमधल्या ग्लारुसला. हेतू हा, की पोराने तिथे राहून व्यापाराचं शिक्षण घ्यावं.

ग्लारुस म्हणजे डोंगरांच्या बेचक्यात बसलेलं छोटंसं गाव. आपल्याकडे सह्याद्रीच्या पायथ्याशी गावं बसलीत तसंच, फक्त डोंगर बर्फाचे. पोरगं तिथे डोंगर चढायला शिकलं आणि गिर्यारोहणाचं हे वेड त्याला पुढे पुरलं. कॉमर्समध्ये मात्र त्याचं मन रमलं नाही. तो गणित आणि फिजिक्सकडे वळला आणि झुरिचच्या ईटीएच या नामांकित तंत्रशिक्षण संस्थेत दाखल झाला. आइन्स्टाइनही तिथेच शिकला होता. १९२२ मध्ये फ्रिट्झला डॉक्टरेट मिळाली, ती ताऱ्यांवर नव्हे तर स्फटिकांवर! आपल्या पेणच्या मिठागरातला मिठाचा खडा ज्या जातीचा स्फटिक आहे, त्या जातीच्या स्फटिकांवर.

१९२५ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनची फेलोशिप मिळवून तो अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या पासाडेना शहरात पोचला. कॅलटेकमध्ये नोबेल विजेत्या रॉबर्ट मिलिकनच्या हाताखाली काम करायचं होतं. पण पासाडेनाच्या डोक्यावरच माउंट विल्सनचा डोंगर, आणि त्या डोंगरावर तेव्हाची जगातली सगळ्यात मोठी दुर्बीण, १०० इंची. आपल्या आकाशगंगेच्या बाहेरही अशाच असंख्य दीर्घिका आहेत, हे एडविन हबलने नुकतंच त्याच दुर्बिणीतून दाखवलं होतं. स्फटिकांचा अभ्यास करायला आलेल्या झ्विकीची नजर आपोआप वर गेली.

गोफणीचं गणित

आता १९३३ ची भानगड नीट समजून घेऊ. गणिताला घाबरू नका, गोफण आठवा. भाताच्या किंवा वालाच्या शेतात पाखरं उडवायला जी वापरतात ती.

गोफणीत दगड ठेवून गरागरा फिरवला की दोरीवर ताण येतो. वेग वाढवा, ताण वाढतो. वेग दुप्पट केला तर ताण चौपट होतो. आता समजा, दुरून तुम्हाला नुसता फिरणारा दगड दिसतोय, दोरी दिसत नाही. दगड प्रचंड वेगाने फिरतोय आणि तरी सुटून जात नाही, एवढंच कळतंय. तेवढ्यावरूनही तुम्ही सांगू शकता की दोरी किमान किती मजबूत असली पाहिजे.

झ्विकीने हेच केलं. आकाशात अरुंधतीकेश नावाचा तारकासमूह आहे. त्या दिशेला, आपल्यापासून सुमारे ३२ कोटी प्रकाशवर्षांवर, हजाराहून जास्त दीर्घिकांचा एक गुच्छ आहे. शास्त्रज्ञ त्याला कोमा गुच्छ म्हणतात. यातल्या काही दीर्घिकांचे वेग मोजले गेले होते. गुच्छातल्या दीर्घिका एकमेकींना गुरुत्वाकर्षणाने धरून ठेवतात, म्हणजे इथे दोरी गुरुत्वाकर्षणाची. आणि गुरुत्वाकर्षण किती, ते ठरतं वस्तुमानावर.

झ्विकीने आधी दिसणाऱ्या उजेडावरून गुच्छाचं वजन काढलं. एवढ्या वजनाच्या गुच्छात दीर्घिकांच्या वेगात सेकंदाला साधारण ८० किलोमीटरचा फरक असायला हवा होता. प्रत्यक्षात फरक निघाला हजार ते दोन हजार किलोमीटरचा. एवढ्या वेगाने पळणाऱ्या दीर्घिका कधीच्या विखरून जायला हव्या होत्या, पण गुच्छ तर शाबूत! हिशेब मांडला तर गुच्छाचं खरं वजन दिसणाऱ्या वजनाच्या निदान ४०० पट निघालं. म्हणजे दोरी होती, फक्त दिसत नव्हती. एका स्विस नियतकालिकात जर्मन भाषेत लिहिलेल्या लेखात झ्विकीने या न दिसणाऱ्या वस्तूला अंधारा पदार्थ असं नाव दिलं. हा शब्द त्याच्या आधीही एकदोघांनी वापरला होता. पण तो पदार्थ दिसणाऱ्याला इतका भारी पडतो, हे आकड्यांत मांडणारा झ्विकी पहिला.

प्रामाणिकपणे सांगायचं तर ४०० हा आकडा बरोबर नव्हता. तेव्हा विश्वाच्या प्रसरणाचा वेग आजच्या मापापेक्षा सात-आठ पट जास्त धरला जायचा, त्यामुळे दीर्घिकांची अंतरं चुकायची आणि पुढचा सगळा हिशेब फुगायचा. शिवाय दीर्घिकांच्या मधल्या जागेत प्रचंड तापलेला वायू भरलेला आहे आणि त्याचं वजन सगळ्या ताऱ्यांच्या वजनाहून जास्त आहे, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. हे सगळं दुरुस्त केलं तरी तूट भरून निघत नाही. आजच्या मोजणीनुसार विश्वात अंधारा पदार्थ साध्या पदार्थाच्या पाचपटीहून थोडा जास्त आहे. आकडा चुकला, प्रश्न अचूक होता.

डोकं थांबतच नव्हतं

पुढच्याच वर्षी, १९३४ मध्ये, झ्विकी आणि त्याचा जर्मन सहकारी वॉल्टर बाडे यांनी आणखी एक बार उडवला. काही तारे मरताना इतका भयंकर स्फोट होतो की एकटा तारा अख्ख्या दीर्घिकेएवढा चमकतो. या स्फोटांना त्यांनी सुपरनोव्हा हे नाव दिलं. पुढे जाऊन असंही मांडलं की स्फोटानंतर मागे फक्त न्यूट्रॉनचा घट्ट गोळा उरत असेल. न्यूट्रॉनचा शोध लागून तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती, आणि हे दोघं अख्खा न्यूट्रॉन तारा रंगवत होते! १९६७ मध्ये जोसेलिन बेल या संशोधक विद्यार्थिनीला पल्सार सापडले आणि न्यूट्रॉन तारे खरे निघाले.

झ्विकी नुसता कल्पना सोडून गप्प बसणारा नव्हता. पालोमार डोंगरावर १८ इंची श्मिट दुर्बीण बसवली गेली आणि त्याने रात्रीमागून रात्री आकाशाचे फोटो घेतले. त्यातून आयुष्यभरात सुमारे १२० सुपरनोव्हा शोधले. १९३७ मध्ये त्याने मांडलं की दीर्घिकांचा गुच्छ स्वतःच भिंगाचं काम करेल, मागून येणारा प्रकाश वाकवेल, आणि किती वाकला त्यावरून गुच्छाचं वजन करता येईल. हे गुरुत्वीय भिंग प्रत्यक्ष आकाशात सापडलं १९७९ मध्ये. तोवर झ्विकीला जाऊन पाच वर्षं झाली होती. आज डार्क मॅटर किती आणि कुठे आहे, याचे नकाशे याच भिंगांच्या मदतीने काढतात.

फटकळ तोंड, मोठं मन

मग एवढ्या हुशार माणसाचं कुणी ऐकलं का नाही? एक कारण साधं होतं. १९३३ मध्ये पुरावा एका गुच्छाचा आणि मोजकेच वेग मोजलेले. लोकांना वाटलं, मोजण्यात काहीतरी गडबड असेल. शंका घेणं हे शास्त्रज्ञांचं कामच आहे. त्यातून झ्विकीच्या डोक्यातून कल्पना इतक्या निघायच्या की सोनं कुठलं आणि पितळ कुठलं, हे सांगणं कठीण होतं. दुरून येणारा प्रकाश वाटेत थकतो म्हणून लाल दिसतो, ही त्याची १९२९ ची कल्पना चुकीचीच ठरली.

दुसरं कारण त्याचा स्वभाव. झ्विकी फटकळ होता, आणि फटकळ हा शब्दही सौम्यच म्हणायचा. सहकाऱ्यांना तो अशी एक शिवी द्यायचा जी गोलाच्या भूमितीवर बेतलेली होती: कुठल्याही बाजूने बघा, माणूस सारखाच नालायक. ज्या बाडेबरोबर त्याने सुपरनोव्हा हे नाव रूढ केलं, त्या बाडेला युद्धाच्या काळात तो नाझी म्हणू लागला आणि मैत्री संपली. १९७१ मध्ये स्वतःचा दीर्घिकांचा कॅटलॉग छापला, तर त्याच्या प्रस्तावनेतच अमेरिकेतल्या बड्या खगोलशास्त्रज्ञांवर चोरी आणि लबाडीचे आरोप करून मोकळा झाला. अशा माणसाचा जुना पेपर कोण आवडीने उघडून वाचणार?

पण माणूस एवढाच नव्हता. दुसऱ्या महायुद्धात बेचिराख झालेल्या ग्रंथालयांसाठी याच माणसाने शास्त्रीय पुस्तकं आणि नियतकालिकं टनावारी गोळा केली आणि परदेशी पाठवली. युद्धात अनाथ झालेल्या मुलांसाठीही तो राबला. जेट आणि रॉकेट इंजिनांवरच्या कामाबद्दल अमेरिकेने त्याला १९४९ मध्ये मेडल ऑफ फ्रीडम दिलं, तरी त्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं नाही. शेवटपर्यंत स्विसच राहिला. ऑक्टोबर १९५७ मध्ये रशियाचा स्पुटनिक उडाला आणि पुढच्या बारा दिवसांत झ्विकीने रॉकेटमधून धातूच्या छोट्या गोळ्या अवकाशात झाडल्या. पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण तोडून एखादी तरी गोळी बाहेर जावी, एवढीच हौस.

आणि या सगळ्यात एक चिवट, कंटाळवाणं वाटणारं कामही चालू होतं. १९६१ ते १९६८ या काळात त्याने आणि सहकाऱ्यांनी सहा खंडांचा कॅटलॉग काढला. सुमारे ३० हजार दीर्घिका आणि ९ हजारांहून जास्त गुच्छ, फोटोंच्या काचा बघून एकेक नोंदवलेले. कुठल्या दीर्घिका गर्दीत राहतात आणि कुठल्या एकट्या, याचा एवढा मोठा दस्तऐवज आधी नव्हता.

खाचर, पाणी आणि रोपं

१९७० च्या दशकात वेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी एकेका दीर्घिकेचं फिरणं मोजलं. दीर्घिकेच्या कडेचे तारेसुद्धा आतल्या ताऱ्यांइतक्याच वेगाने फिरत होते. पुन्हा तीच न दिसणारी दोरी, आता प्रत्येक दीर्घिकेत! मग मात्र झ्विकीचा १९३३ चा लेख लोकांनी कपाटातून बाहेर काढला.

आज चित्र असं आहे. प्रत्येक दीर्घिका डार्क मॅटरच्या एका अवाढव्य गोळ्याच्या पोटात बसलेली असते. या गोळ्याला हॅलो म्हणतात. तुम्ही पेण-रोह्याकडचे, तुम्हाला भाताचं खाचर माहीत आहे. हॅलो म्हणजे खाचर समजा. वायू म्हणजे त्यात साचणारं पाणी. तारे म्हणजे रोपं. खाचरच नसेल तर पाऊस कितीही पडो, पाणी वाहून जाणार. डार्क मॅटर स्वतः चमकत नाही, पण वायू साचायला जागा तोच करून देतो.

खाचर फार लहान असेल, तर चार तारे फुटले की त्या सुपरनोव्हांच्या धक्क्याने वायू बाहेर फेकला जातो. जोराच्या सरीत लहानसा बांध फुटतो तसं. फार मोठं असेल तर उलटी अडचण. तिथे वायू कोट्यवधी अंश तापतो, मधलं कृष्णविवर त्याला थंड होऊ देत नाही. उकळत्या पाण्यात रोप लागत नाही, तसे तापलेल्या वायूत तारे बनत नाहीत. मधल्या आकाराचं खाचर सगळ्यात सुपीक, म्हणजे सूर्याच्या एक लाख कोटी पट वजनाच्या आसपासचा हॅलो. आपल्या आकाशगंगेचा हॅलो साधारण याच मापाचा आहे. आणि इतक्या चांगल्या शेतातही उपलब्ध वायूतला थोडाच भाग ताऱ्यांत बदलतो.

शेत कुठे आहे, यावरही पीक ठरतं. खाडीकाठची जमीन कितीही चांगली असो, खारबंदिस्ती फुटून खारं पाणी आत आलं की भात गेला. दीर्घिकांचंही तसंच. कोमासारख्या गुच्छात शिरणारी दीर्घिका तापलेल्या वायूतून सुसाट जाते आणि तिचा थंड वायू मागे उडून जातो, हायवेवर बाइक पळवताना डोक्यावरची टोपी उडावी तसा. कच्चा माल गेला की नवे तारे बंद. म्हणून कोमातल्या बहुतेक मोठ्या दीर्घिका लालसर आणि म्हाताऱ्या आहेत. मोकळ्या जागेतल्या दीर्घिका मात्र अजून निळ्या आणि लेकुरवाळ्या.

अशी एक लेकुरवाळी झ्विकीच्याच नावाने ओळखली जाते: पहिली झ्विकी १८. सप्तर्षींच्या दिशेला, जवळपास सहा कोटी प्रकाशवर्षांवर असलेली ही इवलीशी दीर्घिका आजही नवे तारे घडवते आहे. तिच्यात जड मूलद्रव्यं इतकी कमी आहेत की विश्वाच्या बालपणी दीर्घिका कशा असतील, हे समजून घ्यायला शास्त्रज्ञ तिच्याकडे बघतात.

हे काम तुमच्यापासून फार लांब नाही

तुम्हाला वाटेल, हे सगळं कॅलिफोर्नियातलं. तसं नाही. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. दीर्घिकांमधला हायड्रोजन वायू किती आणि तो किती वेगाने फिरतो, हे त्या रेडिओ लहरींवरून ऐकतात. म्हणजे खाचरातलं पाणी मोजणं आणि दोरीचा ताण मोजणं, दोन्ही कामं एकाच ठिकाणी. पुण्याच्या आयुकातल्या शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसोबत २०१७ मध्ये सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षांवरचा दीर्घिकांचा एक महासमूह शोधला. निदान ४३ गुच्छांचा, ६० कोटी प्रकाशवर्षं पसरलेला. नाव ठेवलं सरस्वती. २०१५ मध्ये इस्रोने सोडलेल्या ॲस्ट्रोसॅटवर अतिनील दुर्बीण आहे, आणि कोवळ्या ताऱ्यांचा प्रकाश अतिनीलमध्येच जास्त असतो.

पालोमारच्या डोंगरावर २०१८ पासून एक प्रकल्प रोज रात्री आकाशात अचानक चमकणाऱ्या गोष्टी टिपतो. त्याला झ्विकीचंच नाव आहे. त्यात सापडलेल्या स्फोटांचा पाठपुरावा करणाऱ्या दुर्बिणींत लडाखमधल्या हानलेची ७० सेंटिमीटरची दुर्बीण आहे. भारतीय ताराभौतिकी संस्थेबरोबर ती चालवते आपल्या पवईची आयआयटी.

झ्विकी १९६८ मध्ये निवृत्त झाला. १९७२ मध्ये लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्याला सुवर्णपदक दिलं. ८ फेब्रुवारी १९७४ ला, शहात्तरावा वाढदिवस सहा दिवसांवर असताना, तो पासाडेनात गेला. दफन झालं ग्लारुसच्या मुलखातल्या मोलिस गावी, लहानपणच्या डोंगरांत.

आता सुरुवातीचे दोन प्रश्न. झ्विकीचं आयुष्य बघितलं तर पहिल्याचं उत्तर नाही असं येतं. बरोबर असूनही तो चाळीस वर्षं थांबला. त्यातली काही वर्षं पुराव्याच्या कमतरतेची, ती कुणालाच टळली नसती. पण काही वर्षं त्याच्या जिभेची होती, आणि ती त्याच्या हातात होती. प्रोजेक्टच्या ग्रुपमध्ये तुमचं म्हणणं खरं असूनही डावललं जातं तेव्हा हे दोन हिशेब वेगवेगळे मांडून बघा. पुरावा कमी पडतोय का? की आवाज जास्त चढतोय?

आणि एप्रिल-मे महिन्यात, परीक्षा संपल्यावर, रात्री गावाबाहेर दिवे नसलेल्या जागी जा. डोक्यावर सिंह राशीच्या शेपटीची उत्तरा फाल्गुनी शोधा, पूर्वेकडची नारिंगी स्वाती शोधा. दोघींच्या मधल्या अंधुक भागात अरुंधतीकेश आहे. कोमा गुच्छ नुसत्या डोळ्यांनी दिसणार नाही, त्याला चांगली दुर्बीण लागते. पण ज्या दिशेला बघून एका पस्तिशीच्या पोराने अंधाराचं वजन केलं, ती दिशा पेणहूनही तीच आहे, रोह्याहूनही तीच. त्या दोरीत नेमकं काय आहे, ते कुठले कण आहेत, हे १९३३ मध्ये माहीत नव्हतं आणि आजही माहीत नाही. ती जागा अजून रिकामी आहे.